चिलिकेचे मुख

भुवनेश्वरहून दुपारी सुटणारी मुंबईची कोणार्क एक्सप्रेस खुर्दा रोड मागे टाकून दक्षिणेला लागली की थोड्याच वेळात डाव्या बाजूच्या खिडक्यांपाशी गर्दी होते. बालुगाव ते रंभा या टप्प्यात रूळ काही ठिकाणी पाण्याच्या अगदी कडेने जातात. जगन्नाथाचे दर्शन आटोपून घरी निघालेली मंडळी मुलांना ‘तो बघ समुद्र’ म्हणून जे दाखवतात, तो समुद्र नव्हे. समुद्र त्याच्याही पलीकडे, वाळूच्या एका लांबलचक पट्ट्याआड आहे. अलीकडचे हे पाणी चिलिकेचे.

चिलिका हे खारकच्छ आहे. पावसाळ्यात त्याचा विस्तार सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर होतो, उन्हाळ्यात तो नऊशेच्या आसपास येतो. मुंबई महापालिकेची हद्द भर पावसाळ्यात त्यात दोनदा मावेल. खोली मात्र बेताची, बऱ्याच भागात दोन मीटरही नाही. उत्तरेकडून दया आणि भार्गवी यांसारख्या महानदीच्या शाखा गोडे पाणी आणून ओततात आणि पूर्वेच्या एका अरुंद मुखातून बंगालचा उपसागर आत शिरतो. पावसाळ्यात नद्यांची सरशी होते आणि उत्तरेचा भाग जवळजवळ गोडा होतो. उन्हाळा चढू लागला की भरतीचे पाणी आत आत सरकते आणि पुन्हा खारेपण येते. हे मुख किती रुंद, कुठे आणि किती बुजलेले, यावर इथले मासे ठरले, मिठाचे उत्पन्न ठरले, बंदरे वसली आणि ओस पडली. एकदा तर याच मुखावर एका राज्याने आपला अख्खा सुभा गमावला. ते राज्य नागपूरकर भोसल्यांचे होते.

चिलिकेच्या जन्माची एक कथा मादळा पांजीत, म्हणजे पुरीच्या देवळाच्या बखरीत, आहे. रक्तबाहू नावाचा कुणी यवन मोठे आरमार घेऊन पुरी लुटायला आला. त्याच्या गलबतांतल्या हत्ती-घोड्यांची लीद लाटांबरोबर किनाऱ्याला लागली आणि लोक सावध झाले. राजा जगन्नाथाची मूर्ती घेऊन निघून गेला, नगर रिकामे झाले. रिकामे नगर पाहून चिडलेल्या रक्तबाहूने, आपले गुपित फोडले म्हणून, समुद्रावरच हल्ला चढवला. समुद्र आधी मागे हटला, मग उसळून आला. फौज बुडाली आणि जमिनीवर जे पाणी उरले ते चिलिका. भूशास्त्रज्ञांच्या कथेत रक्तबाहू नाही, पण समुद्राचे मागे हटणे आहे. काही हजार वर्षांपूर्वी इथे उपसागराचा एक फाटा आत घुसलेला होता. किनाऱ्याला समांतर वाहणाऱ्या प्रवाहांनी त्याच्या तोंडाशी वाळू आणून टाकली, तिचा बांध वाढत गेला आणि आतले पाणी कोंडले गेले.

हे वाळू आणून टाकणे अजून थांबलेले नाही. प्रवाह वाळू ईशान्येकडे ढकलत नेतात, तसे मुखही ईशान्येकडे सरकते. त्याला जोडणारा आतला पाण्याचा मार्ग लांबत जातो, उथळ होतो आणि एखाद्या वादळात वाळूचा पट्टा दुसरीकडे फुटेपर्यंत सरोवराचा श्वास कोंडतो. ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरमध्ये याची नोंद आहे. १७८० साली हे मुख मैलभर रुंद होते आणि ते ओलांडायला मोठ्या नावा लागत. चाळीस वर्षांनी ते गाळाने बुजल्याचे लिहिले गेले. १८२५ च्या थोडे आधी माणसांनी खणून नवे मुख पाडले, पण तेही लगेच भरू लागले.

असल्या सरकत्या दाराच्या घरात बंदर कोण वसवील? पण वसवले. दुसऱ्या शतकात टॉलेमीने आपल्या भूगोलात ‘पालूरा’ नावाच्या ठिकाणाची नोंद केली आहे. त्याच्याजवळच्या एका जागेवरून सुवर्णभूमीकडे जाणारी जहाजे किनारा सोडून खुल्या समुद्रात शिरत, असे तो सांगतो. हे पालूर म्हणजे चिलिकेच्या दक्षिण टोकाचे, डोंगराच्या आडोशाचे पालूर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मुखाजवळच्या माणिकपटना गावी उत्खननात जे सापडले त्यावरून या पाण्याची ये-जा दिसते. तिथे रोमशी व्यापाराच्या काळातली चक्रांकित भांडी निघाली. चिनी सेलेडॉन आणि पोर्सिलिनचे तुकडे निघाले, शिवाय श्रीलंकेचा राजा सहस्समल्ल याचे बाराशेच्या सुमाराचे तांब्याचे नाणे निघाले. उत्तरेकडे, चिलिकेपासून फार दूर नसलेल्या गोलबाई सासन इथल्या टेकाडात तर नवाश्मयुगापासूनची वस्ती मिळाली. मासे धरणारी, लाकूडकामाची दगडी हत्यारे वापरणारी ही माणसे नावा बांधत असावीत, असा पुरातत्त्वज्ञांचा कयास आहे. आजही कार्तिकी पौर्णिमेला ओडिशाभर केळीच्या सोपटांच्या आणि कागदाच्या होड्या पाण्यात सोडतात. जावा-सुमात्र्याकडे गेलेल्या साधवांची, म्हणजे समुद्रव्यापाऱ्यांची, ती आठवण.

माणिकपटना हे नाव मात्र कुणा व्यापाऱ्याचे नाही, एका गवळणीचे आहे. पंधराव्या शतकात ओडिशाचा राजा गजपती पुरुषोत्तमदेव याने कांचीच्या राजकन्येला मागणी घातली. रथयात्रेत गजपती स्वतः रथापुढचा रस्ता झाडतो, हे कळल्यावर कांचीच्या राजाने ‘झाडूवाल्याला मुलगी देणार नाही’ असा निरोप धाडला. पुरुषोत्तमदेव फौज घेऊन निघाला. कथा अशी की, त्याच्या पुढे काळ्या आणि पांढऱ्या घोड्यांवर दोन तरुण स्वार चालले होते. चिलिकेकाठी त्यांनी माणिका नावाच्या गवळणीकडून दही घेऊन प्यायले आणि पैसे जवळ नाहीत म्हणून एक अंगठी दिली. ‘मागून राजा येतोय, त्याला दाखव, तो पैसे चुकते करील.’ राजाने अंगठी ओळखली. ती जगन्नाथाची होती आणि पुढे गेलेले स्वार जगन्नाथ आणि बलभद्र. राजाने गवळणीला गाव इनाम दिले. गजपतीची दक्षिणेतली मोहीम ही इतिहासातली गोष्ट आहे, अंगठी श्रद्धेतली. पण कथेतली वाट खरी आहे. पुरीहून दक्षिणेला जायचे तर समुद्र आणि सरोवर यांच्यामधल्या वाळूच्या पट्ट्यावरून जायचे आणि मुख नावेने ओलांडायचे. फौजा असोत, यात्रेकरू असोत की डाकवाले, सगळ्यांना याच वाटेने जावे लागे. जी फौज शेवटी चिलिकेचा इतिहास बदलून गेली तीही इथूनच आली, फक्त उलट दिशेने.

त्याआधी चिलिकेने देवाला आसरा दिला. पुरीवर हल्ल्याची आवई उठली की सेवक जगन्नाथ, बलभद्र, सुभद्रेच्या मूर्ती नावेत घालून सरोवराच्या बेटांवर किंवा पलीकडच्या डोंगरांत नेत. १७३० च्या दशकात ओडिशाचा नायब नाझिम तकी खान याच्या भीतीने त्या चिलिका ओलांडून आजच्या गंजाम जिल्ह्यातल्या मर्दा गावी नेल्या गेल्या. तिथे त्यांच्यासाठी मंदिर बांधले. मूर्ती पुरीला परतल्या, मंदिर राहिले. ते आजही आहे, गाभाऱ्यात मूर्ती नाही. पुरी पाहून आलेल्या माणसाने एकदा मर्दा पाहावे. तिथे पंड्यांची ओढाताण नाही, एवढे कारणही पुरेसे आहे.

मराठे इथे आले ते बंगालच्या मोहिमांच्या शेवटी. १७५१ च्या तहाने बंगालचा नवाब अलीवर्दी खान याने ओडिशाचा महसूल रघूजी भोसल्यांकडे सोडला आणि सुवर्णरेखेपासून चिलिकेपर्यंतचा किनारा नागपूरच्या अमलाखाली आला. पुढच्या पन्नास वर्षांत कटकला सुभेदार होते शिवभट साठे, भवानी पंडित, संभाजी गणेश, राजाराम पंडित. खुर्द्याचा राजा वीरकिशोरदेव याच्यावर पारलाखेमुंडीच्या नारायणदेवाने चाल केली तेव्हा त्याने शिवभट साठ्यांची मदत मागितली. तिची किंमत त्याला देता आली नाही. तारण म्हणून त्याचे लिंबाई, राहांग, सेराई, चौबिसकूद हे परगणे मराठ्यांकडे आले आणि त्यांच्याबरोबर पुरीच्या जगन्नाथाच्या देवळाची व्यवस्थाही आली. कोणार्कच्या भग्न सूर्यमंदिरापुढचा अरुणस्तंभ आज पुरीच्या सिंहद्वारासमोर उभा दिसतो, तो याच अमदानीत तिथून हलवलेला. मराठ्यांच्या ओडिशातल्या कारभाराबद्दल इंग्रज लेखकांनी फारसा बरा शब्द लिहिलेला नाही. त्यात आपल्या राज्याचे समर्थन करण्याची गरज बरीच होती, पण सगळे काही त्यावर ढकलता येत नाही. मुलुख नागपूरपासून दूर होता, सुभेदारांच्या नेमणुका मक्त्यासारख्या चालत आणि वसुलीची दांडगाई ही रयतेची खरी तक्रार होती. तरीही त्या कारभारात एक गोष्ट शाबूत होती. मीठ.

चिलिकेच्या परिकुड बेटांवर आणि किनाऱ्यावर उन्हाच्या जोरावर मीठ पिकवत. फाल्गुन-चैत्रात सरोवराचे पाणी खारे झाले की चर खणून ते वाफ्यांत घेत. एका वाफ्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात असे फिरवत ते आटवत आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरले की खरवडून ढीग घालत. अवकाळी पाऊस आला की हंगाम गेला. रायगड-ठाण्याच्या आगरातल्या माणसाला यात नवीन काहीच वाटणार नाही. या मिठाला करकच म्हणत. दुसऱ्या मिठाचे नाव पांगा, ते बालेश्वरपासून अस्तरंगापर्यंतच्या समुद्रकिनाऱ्यावर होई. खारी माती समुद्राच्या पाण्यात कालवून, गाळून, ते पाणी मडक्यांत उकळून पांगा तयार करत. हे काम करणारे ते मलंगी. ओडिशाच्या पांगा मिठाची शुभ्रता बंगालमध्ये नावाजलेली होती आणि तिथेच ईस्ट इंडिया कंपनीला ते खुपत होते. बंगालात मीठ विकण्याचा मक्ता कंपनीचा. त्यावर तिने भरमसाट किंमत लावलेली. शेजारच्या मराठी मुलखातून स्वस्त आणि चांगले मीठ हद्द ओलांडून येत होते.

१७९० मध्ये कंपनीने प्रस्ताव ठेवला की ओडिशात पिकेल तेवढे सगळे मीठ आम्ही विकत घेतो. वरवर पाहता सौदा चांगला होता, पण दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी नकार दिला. एकच गिऱ्हाईक राहिले की किंमत त्याचीच आणि पीक किती घ्यायचे हेही तोच ठरवणार, हे नागपूर दरबाराला कळत होते. मग कंपनीने ओडिशाच्या मिठाला बंगालची बंदी केली. जंगलांतून आणि खाड्यांतून चोरटा व्यापार वाढला, पहारे वाढले आणि पहारेकऱ्यांचे हात ओले होऊ लागले. या वादाखाली आणखी एक गोष्ट होती. उत्तरेला बंगाल कंपनीचा, दक्षिणेला गंजामपर्यंतचा उत्तर सरकार प्रांत कंपनीचा, आणि मधला किनारा मराठ्यांचा. कलकत्त्याहून मद्रासला फौज किंवा डाक पाठवायची तर भोसल्यांची मर्जी राखावी लागे. १७८१ मध्ये हैदर अलीविरुद्ध निघालेली कर्नल पीअर्सची पलटण याच किनाऱ्याने गेली, ती भोसल्यांशी बोलणी करून आणि पैसे मोजून.

१८०३ मध्ये ही मर्जी राखण्याचे दिवस संपले. दुसरे इंग्रज-मराठा युद्ध म्हटले की मराठी वाचकापुढे असई येते, अडगाव आणि गाविलगड येतात. युद्धाची पूर्वेकडची आघाडी आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. लेफ्टनंट कर्नल हार्कोर्टच्या हाताखालची कंपनीची फौज सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गंजामहून निघाली. डावीकडे चिलिका, उजवीकडे समुद्र, पायाखाली वाळू आणि महिना पावसाळ्याचा, म्हणजे सरोवर तुडुंब आणि मुखातून पाण्याची ओढ. या चिंचोळ्या वाटेवर आणि पुढच्या उतारावर शे-दोनशे निश्चयी माणसे आणि काही तोफा असत्या तर फौजेचे हाल झाले असते. तसे झाले नाही. १४ सप्टेंबरला इंग्रज माणिकपटनाला पोचले तेव्हा ठाणे रिकामे होते. वाटेवरच्या मालूद गावचा फतेह महंमद हा मराठ्यांच्या बाजूने या वाटेचा राखणदार, तो इंग्रजांना मिळाला होता. वाटाड्या त्याचाच. कंपनीने त्याला मालूद कायमचे, बिनसाऱ्याचे देऊन उपकार फेडले. १८ तारखेला पुरी इंग्रजांच्या ताब्यात होती. गव्हर्नर जनरल वेलस्लीची सक्त ताकीद होती की देवळाला आणि यात्रेकरूंना धक्का लागता कामा नये. ती धार्मिक उदारतेपेक्षा हिशोबी शहाणपणाची होती.

त्यानंतर पाचच दिवसांनी, २३ सप्टेंबरला, खुद्द रघूजी भोसले शिंद्यांच्या साथीला असईच्या मैदानाजवळ होते आणि समोर वेलस्लीचाच धाकटा भाऊ होता. पूर्वेचा सुभा हातातून निसटल्याची वार्ता तिथे पोचायची होती. १४ ऑक्टोबरला कटकचा बाराबाटी किल्ला पडला. डिसेंबरात गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहात भोसल्यांनी कटक आणि बालेश्वर कायमचे सोडून दिले. मुखावर लढाई झालीच नाही, म्हणून ती नकाशांत आणि पाठ्यपुस्तकांत नाही. पण ओडिशाचा निकाल बाराबाटीच्या तटापेक्षा माणिकपटनाच्या रिकाम्या ठाण्यातच लागला, असे म्हणायला जागा आहे.

कंपनीला पाहिजे ते मीठ वर्षभरात मिळाले. १ नोव्हेंबर १८०४ च्या जाहीरनाम्याने ओडिशातले मीठ सरकारी मक्त्यात आले. काल आपल्या दारातली खारी माती उकळून घरापुरते मीठ करणारा माणूस आज गुन्हेगार ठरला. मिठाची किंमत काही पटींनी चढली, मलंगी आगाऊ रकमांच्या कर्जात अडकले. १८१७ मध्ये बक्षी जगबंधूच्या नेतृत्वाखाली पाइकांनी, म्हणजे खुर्द्याच्या राजाच्या जमीनधारक शिपायांनी, उठाव केला. त्याची कारणे जमीन, चलन आणि अपमान अशी बरीच होती, पण मीठ त्यांत वरच्या क्रमांकावर होते. घुमुसरचे कंध येऊन मिळाले आणि बाणपूरच्या ठाण्यावर हल्ला झाला. शंभराहून अधिक माणसे मारली गेली आणि सुमारे पंधरा हजार रुपयांचा सरकारी खजिना गेला. चिलिकेत दक्षिण विभागाचा मीठ-एजंट बेचर याची नाव लुटली गेली. तो स्वतः कसाबसा निसटला. उठाव मोडला, मक्ता टिकला. पुढे इंग्लंडच्या चेशरचे मीठ लिव्हरपूलहून जहाजे भरभरून बंगालात उतरू लागले, तेव्हा सरकारलाच ओडिशाचे मीठ महाग वाटायला लागले. १८६० च्या दशकात पांगा मिठाचे सरकारी काम गुंडाळले गेले आणि शतक संपता संपता चिलिकेचे करकचही बंद पडले. रघूजींनी १७९० मध्ये ओळखलेला धोका असा शंभर वर्षांनी शब्दशः खरा ठरला. १९३० च्या एप्रिलमध्ये बालेश्वरजवळ इंचुडीला लोक मीठ उकळायला बसले तेव्हा ते दांडीचे अनुकरण तर होतेच, पण ओडिशापुरती ती जुनी थकबाकीही होती.

दक्षिण टोकाला रंभेत पाण्याकाठी एक जुना वाडा आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी गंजामचा कलेक्टर थॉमस स्नॉडग्रास याने तो बांधला. पगार आणि वाडा यांचा मेळ बसत नव्हता, हे कंपनीच्याही लक्षात आले. गंजामच्या जुन्या सरकारी पुस्तकातही सापडणारी दंतकथा अशी की, निवृत्तिवेतन अडवले गेल्यावर हा गृहस्थ लंडनमध्ये ईस्ट इंडिया हाउसच्या दारापुढचा रस्ता झाडत बसला आणि साहेबांची नाचक्की नको म्हणून संचालकांनी पैसे मोकळे केले. गजपतीच्या झाडण्यापुढे हे झाडणे फारच फायद्याचे म्हणायचे. वाडा नंतर खल्लिकोटच्या राजांकडे गेला. ओडिया भाषकांचे विखुरलेले प्रांत एक करण्याच्या चळवळीतल्या सुरुवातीच्या मसलती रंभेत झाल्या आणि १९०३ च्या डिसेंबरात कटकला उत्कल संमिलनीचे पहिले अधिवेशन भरले.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात चिलिकेकडे मीठ किंवा महसूल न बघता पाहणारी माणसे आली. नेल्सन अ‍ॅनंडेल आणि स्टॅन्ली केम्प यांनी सरोवरातल्या जीवसृष्टीची पहिली पद्धतशीर पाहणी केली. अ‍ॅनंडेल पुढे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचा पहिला संचालक झाला. रंभेजवळच्या बारकुडा बेटावर त्याला पाय नसलेला, सापासारखा दिसणारा एक सरडा मिळाला. १९१७ मध्ये त्याने बेटाच्याच नावावरून त्याला ‘बारकुडिया’ हे नाव दिले.

पक्षी कायमच येत होते. ऑक्टोबर उतरणीला लागला की हिमालयापलीकडून, मंगोलियाकडून, बैकल आणि कॅस्पियनच्या परिसरातून ते उतरू लागतात. तलवार बदके, थापटे, चक्रवाक, पट्टकादंब हंस, काळ्या शेपटीचे पाणटिवळे आणि रोहित यांची गर्दी होते. सरोवराच्या मध्यावर नलबण नावाचे बेट आहे, १५.५३ चौरस किलोमीटरचे. पावसाळ्यात ते पूर्ण बुडते आणि हिवाळ्यात नळाच्या गवताचे, चिखलाचे मैदान होऊन वर येते. १९८७ मध्ये ते अभयारण्य म्हणून घोषित झाले. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने इथल्या पक्ष्यांच्या पायांत कड्या घालून त्यांच्या वाटा शोधल्या. १९८१ मध्ये भरतपूरच्या केवलादेवबरोबर चिलिका पाणथळ जागांच्या रामसर करारातले भारताचे पहिले स्थळ झाली.

आणि नेमक्या त्याच काळात मुख पुन्हा बुजू लागले. अरखकुडाजवळच्या मुखापर्यंतचा मार्ग लांबून चोवीस किलोमीटरचा झाला होता. समुद्र आत पोचेना आणि महानदीच्या खोऱ्यातून गाळ येतच राहिला. पाणी गोडे होऊ लागले तशा पाणवनस्पती माजल्या आणि मासळी घटली. १९९३ मध्ये रामसरच्या धोक्यातल्या स्थळांच्या यादीत चिलिकेचे नाव गेले. त्यातच कोळंबीला सोन्याचे मोल आले. उथळ पाण्यात बांध आणि जाळी घालून घेऱ्या उभ्या राहिल्या. पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या केउट, खटिया, तियर, कंडरा या जातींचे पाणी बाहेरच्या पैशाकडे चालले. एका मोठ्या उद्योगसमूहाचा सरकारी भागीदारीतला कोळंबी प्रकल्प नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ‘चिलिका बचाओ’ आंदोलनाने परतवला. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चिलिका आणि पुलिकत यांच्या हजार मीटरच्या आत कोळंबीशेतीला मनाई केली. तरी घेऱ्या पुऱ्या हटल्या नाहीत. २९ मे १९९९ च्या रात्री सोराणा गावात पोलिसांच्या गोळीबारात चार मच्छीमार मेले.

२३ सप्टेंबर २००० रोजी सिपाकुडाजवळ वाळूचा पट्टा कापून नवे मुख उघडण्यात आले. १८२५ च्या आधी जे फावड्यांनी केले होते तेच आता प्रतिमाने तपासून, आकडे मांडून केले. समुद्राचे अंतर अठरा किलोमीटरने कमी झाले. परिणाम इतका झटपट दिसला की आखणाऱ्यांनाही आश्चर्य वाटले असेल. १९९९-२००० मध्ये सुमारे १,७०० टन असलेली मासळी दोन वर्षांत बारा हजार टनांच्या आसपास पोचली. माजलेली वनस्पती खाऱ्या पाण्याने मारली. २००२ मध्ये चिलिका धोक्याच्या यादीतून बाहेर आली आणि चिलिका विकास प्राधिकरणाला त्याच वर्षी रामसरचा पुरस्कार मिळाला. मीठ परत आले, फक्त या वेळी ते कुणी विकत नव्हते.

उत्तर काठावर टांगीजवळच्या मंगलाजोडीची गोष्ट वेगळ्या वळणाची आहे. हे गाव पक्षी मारून विकण्यासाठी बदनाम होते. जाळी, विष, बंदुका, सगळे चाले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ‘वाइल्ड ओडिशा’ संस्थेच्या कार्यकर्त्यांनी शिकाऱ्यांशीच बोलणी सुरू केली आणि २००० च्या सुमारास गावात श्री श्री महावीर पक्षी सुरक्षा समिती उभी राहिली. पक्षी कुठे बसतो, कशाला बुजतो, हे शिकाऱ्याइतके कुणाला ठाऊक? तेच ज्ञान पर्यटकांना विकता येते, हे कळायला वेळ लागला, पण कळले. आता तिथल्या नावा इंजिनाशिवाय, वेळूने ढकलत चालवतात आणि पाणटिवळे हातभर अंतरावर चरत राहतात. सबंध सरोवराची पक्षीगणना दर जानेवारीत होते. अलीकडच्या काही वर्षांत आकडा अकरा लाखांच्या वर राहिला आहे.

मुख मात्र स्वस्थ बसलेले नाही. २०१३ च्या फायलिन चक्रीवादळाने आणि २०१९ च्या फनीने वाळूचा पट्टा नव्या जागी फोडला. जास्त मुखे म्हणजे जास्त खारेपणा आणि तोही मर्यादेबाहेर गेला तर गोड्या पाण्याचे मासे आणि उत्तरेकडची नळवने यांच्यावर ताण. सरोवरातल्या इरावती डॉल्फिनना, ते दीडशेच्या आसपास आहेत, बाहेरच्या मार्गातले मचूळ पाणी मानवते. पण तिथेच पर्यटकांच्या यांत्रिक नावांची सर्वांत जास्त धावपळ असते. डॉल्फिन दाखवण्याची हमी देणारा नावाडी भेटला तर त्याला नम्रपणे नकार द्यावा.

जायचे तर डिसेंबर ते फेब्रुवारी. पक्ष्यांसाठी मंगलाजोडी, पहाटे. बालुगाव किंवा बरकुलहून कालीजाईच्या बेटावर जाता येते. सासरी जाताना वादळात बुडालेल्या जाई नावाच्या मुलीची ती देवी झाली, असे नावाडी सांगतात. बालुगावच्या जवळच नौदलाचे आयएनएस चिल्का हे प्रशिक्षण केंद्र आहे. नौदलात भरती झालेल्या कितीतरी मराठी घरांना हे नाव सरोवरापेक्षा त्यामुळेच माहीत असते. इतिहासासाठी जाणाऱ्याने मात्र पुरीहून सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या सातपड्याला जावे. तिथून जन्हिकुडापर्यंत फेरीबोट चालते, तिच्यात मोटारीही चढतात. पलीकडे उतरले की रस्ता परिकुड आणि मालूदमधून जात पालूरमार्गे गंजाम जिल्ह्यात शिरतो. भोसल्यांचे पहारे ज्या वाटेवर असायला हवे होते, ती थोडीफार हीच. वाटेत मराठ्यांची खूण सांगणारी पाटी नाही, आणि फतेह महंमदाचीही नाही.